दातांवरल्या किटणाचा जमाखर्च

सायंकाळी जिभेचे टोक दाढांच्या आतल्या अंगावरून सहज फिरवले, तर सकाळी घासून गुळगुळीत केलेल्या त्या पृष्ठावर एक मऊ, किंचित बुळबुळीत लेप चढल्याचे जाणवते. हा लेप म्हणजे अन्नाचा नुसता गाळ नसून जंतूंची दाट वसाहत असते, हे प्रथम पाहिले ते हॉलंडमधील डेल्फ्ट शहरच्या अंतोनी व्हान लेव्हेनहूक या कापडव्यापाऱ्याने. रोज मिठाने दात घासण्याचा त्याचा परिपाठ असूनही फटींत जो पांढरट मळ साचे, तो पावसाच्या पाण्यात कालवून त्याने भिंगाखाली धरला, आणि त्यात सूक्ष्म जीव चपळाईने हिंडत असल्याचे वृत्त १६८३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीस कळवले.

तोंडाची कवाडे वाऱ्याला सदैव उघडी, तरीही या वसाहतीत अवायुजीवी जंतूंचाच भरणा असतो. कारण वरच्या थरातले रहिवासी प्राणवायू वापरून संपवतात आणि खालच्यांच्या वाट्याला तो जवळजवळ येतच नाही. अशा ठिकाणी शर्करा पूर्णपणे जाळता येत नाही, ती केवळ आंबवता येते. ग्लुकोजचा एक रेणू फोडून ‘एटीपी’ या ऊर्जेच्या चलनाची सहसा अवघी दोन नाणी हाती पडतात, आणि या तुटपुंज्या वसुलीवरच सारा संसार रेटावा लागतो.

दात किडवण्यात अग्रेसर असलेला, १९२४ साली इंग्लंडमध्ये क्लार्क यांनी वर्णिलेला ‘स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स’ हा हवेतही तग धरणारा जंतू मला या बाबतीत फार उद्बोधक वाटतो. ज्या पात्रात एकीकडून पोषकद्रव ठिबकत राहते आणि दुसरीकडून तेवढाच वाहून जातो, त्या ‘केमोस्टॅट’मध्ये त्याला वाढवले, तर पुरवठा बदलताच त्याचा सारा कारभार पालटलेला दिसतो. साखर मुबलक असली की पेशीत फ्रुक्टोज-बिसफॉस्फेट साचते, त्याच्या हुकमाने दुग्धाम्ल बनवणारे एंझाइम जागे होते, आणि दोन नाण्यांवर संतुष्ट राहून तो झपाट्याने आम्ल ओकू लागतो. साखरेची टंचाई पडली की तोच जंतू दुसऱ्या एंझाइमाच्या वाटेने फॉर्मेट, ॲसिटेट व अल्कोहोल बनवतो आणि त्याच एका रेणूतून तिसरे नाणे पदरात पाडून घेतो. मात्र हे दुसरे एंझाइम इतके नाजूक, की प्राणवायूच्या स्पर्शाने ते निकामी होते. म्हणजे ही काटकसर साधते ती प्राणवायू नसलेल्या कोपऱ्यातच.

सुबत्तेतली ती उधळपट्टी मूर्खपणाची मानू नये. आम्लाने शेजारी हतबल होतात, आणि हा स्वतः मात्र एटीपी खर्चून आत शिरलेले आम्ल पंपाने बाहेर फेकत टिकून राहतो. त्या आम्लावरही जगणारे आहेत! ‘व्हेलोनेला’ नावाच्या पक्क्या अवायुजीवी जंतूंना साखर आंबवताच येत नाही. ते शेजाऱ्याने टाकलेले दुग्धाम्ल उचलून त्याची सौम्यतर आम्ले करतात.

१९४० च्या सुमारास अमेरिकेत रॉबर्ट स्टीफन यांनी दातांवरच्या किटणाची आम्लता मोजली, तेव्हा ग्लुकोजच्या पाण्याने चूळ भरल्यावर काही मिनिटांतच पीएच (आम्लता वाढली की घटणारा आकडा) झरझर उतरतो आणि पूर्वपदावर यायला बराच वेळ लागतो, असे आढळले. तो साडेपाचाच्या आसपास खाली गेला की दाताचे कवच विरघळू लागते. त्यामुळे एकदाच खाल्लेल्या मिठाईपेक्षा दिवसभर थोड्या-थोड्या वेळाने चघळलेल्या गोळ्या दाताला अधिक जाचतात, कारण लाळेला तो उतार भरून काढायला उसंतच मिळत नाही. त्यातच म्युटन्स चांगल्या दिवसांत जादा साखरेचे ग्लायकोजेनसारखे साठे पेशीत करून ठेवतो. रात्री गोड दूध पाजून, तोंड न पुसता निजवलेल्या लेकराच्या मुखात लाळेचा झरा मंदावलेला असतो, आणि घर झोपी गेल्यावरही जंतू त्या शिलकीतून आम्ल काढीतच राहतात.