ब्रेक लाइट बंद, इंडिकेटर वेडावाकडा? पार्ट बदलण्याआधी करंट कुठे अडलाय ते शोधा

कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की तालुक्यातल्या रस्त्यांवर रात्रीची वर्दळ वाढते. उसाच्या ट्रॉल्या, बैलगाड्या, दुधाच्या गाड्या आणि त्यांच्यातून वाट काढणाऱ्या कार. अशा रस्त्यावर पुढच्या कारनं ब्रेक मारला हे मागच्याला कळतं ते लाल लाइटवरूनच. ताशी ६० किलोमीटर वेगानं येणारी गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर पुढे जाते. ब्रेक लाइट लागली नाही आणि मागच्याला सेकंदभर उशिरा कळलं, तर तेवढं अंतर आधीच संपलेलं असतं.

हेडलाइट गेली तर चालवणाऱ्याला लगेच समजतं. ब्रेक लाइट गेलेली मात्र त्याला दिसत नाही. कोणीतरी सांगेपर्यंत गाडी तशीच फिरत राहते. आणि सांगितल्यावर गॅरेजला नेली की बऱ्याचदा अंदाजानं काम सुरू होतं. आधी बल्ब, मग स्विच, मग सेन्सर असे एकेक पार्ट बदलले जातात. बिल वाढतं आणि आठ दिवसांनी तोच बिघाड पुन्हा हजर होतो. खरं तर लाइट आणि स्विचचे बरेचसे बिघाड क्रमानं तपासले तर घरच्या घरी सापडतात.

करंटची वाट समजून घ्या

कोणतीही लाइट घ्या, वाट एकच असते. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून फ्यूज, फ्यूजपासून स्विच, काही ठिकाणी मध्ये रिले, मग बल्ब, आणि बल्बमधून गाडीच्या बॉडीवाटे परत बॅटरीच्या निगेटिव्हला. या परतीच्या वाटेला गॅरेजच्या भाषेत अर्थिंग म्हणतात. वाट कुठेही तुटली की लाइट बंद. म्हणजे प्रश्न "कोणता पार्ट गेला" असा न विचारता "करंट कुठपर्यंत पोचला" असा विचारायचा.

यासाठी दोन वस्तू पुरतात. एक टेस्ट लॅम्प, म्हणजे १२ व्होल्टचा छोटा बल्ब, एका टोकाला चिमटा आणि दुसऱ्या टोकाला सुई. दुसरा साधा डिजिटल मीटर. मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवायचा. इंजिन बंद असताना चांगली चार्ज झालेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू झाल्यावर आकडा बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.५ च्या दरम्यान जातो. इंजिन चालू असूनही तो १२ च्या आसपासच राहिला तर चार्जिंग होत नाही. १५ च्या वर जात असेल तर चार्जिंग जास्त होतंय, आणि बल्ब वारंवार उडण्याचं कारण तेच असू शकतं. बऱ्याच नव्या गाड्यांत कॉम्प्युटर चार्जिंग कमी-जास्त करतो, त्यामुळे एका आकड्यावर निकाल लावू नये.

आधी बघा: एक बंद की सगळ्या बंद?

एकाच बाजूची लाइट बंद असेल तर दोष बहुधा त्या बाजूचा बल्ब, होल्डर किंवा अर्थिंगमध्ये असतो. दोन्ही बाजू एकदम बंद झाल्या तर दोष दोघांच्या सामाईक वाटेवर, म्हणजे फ्यूज, स्विच किंवा रिलेत शोधावा. एवढ्या एका प्रश्नानं अर्धं काम होतं.

बल्ब काढून नुसता डोळ्यानं बघू नये. तार जोडलेली दिसते, पण आत तुटलेली असू शकते. बॅटरीला लावून बघावा, नाहीतर चालू बाजूचा बल्ब या बाजूला टाकावा. मागच्या जुन्या पद्धतीच्या दिव्यात बऱ्याच गाड्यांत एकाच बल्बमध्ये दोन तारा असतात, पार्किंगची ५ वॉटची आणि ब्रेकची २१ वॉटची. त्यामुळे पार्किंग लाइट लागते म्हणजे ब्रेक लाइटही ठीक असेल, असं धरून चालू नये. या बल्बच्या बाजूच्या दोन पिना खाली-वर असतात. जबरदस्तीनं उलटा बसवला की ब्रेक आणि पार्किंगची अदलाबदल होते.

फ्यूज: रंग बघून बसवा

फ्यूज काढायचीही गरज नसते. टेस्ट लॅम्पचा चिमटा बॉडीच्या रंग नसलेल्या नटाला लावायचा आणि सुई फ्यूजच्या माथ्यावर दिसणाऱ्या दोन्ही धातूच्या टोकांना एकेकदा टेकवायची. दोन्हीकडे लॅम्प लागला तर फ्यूज चांगला. एकीकडेच लागला तर फ्यूज उडालाय. दोन्हीकडे नाही लागला तर फ्यूजपर्यंत करंटच आलेला नाही. काही फ्यूजना चावी ऑन केल्यावरच सप्लाय येतो, हे लक्षात ठेवावं.

पात्याच्या फ्यूजचा रंग म्हणजेच त्याचं माप. लाल १० अँपिअर, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०. मोटारीच्या पेटीत फ्यूजला जाड तार ओढायची सवय आपल्याकडे जुनी आहे. ती गाडीत आणू नये. १० च्या जागी ३० चा फ्यूज किंवा चांदीचा कागद घातला तर पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायर जळते.

नवा फ्यूज लगेच उडाला तर कुठेतरी वायर बॉडीला लागलीय. शोध सुरू करायचा तो हलणाऱ्या जागांपासून. डिकीच्या बिजागरीजवळ वायरी वाकून वाकून तुटतात. दारातल्या रबरी नळीत तसंच होतं. नंतर बसवलेला हॉर्न, फॉग लाइट, म्युझिक सिस्टीम यांचे टेपनं गुंडाळलेले जोडही आधी बघावेत.

अर्थिंग: सगळ्यात जास्त फसवणारा बिघाड

इंडिकेटर लावला की मागची पार्किंग लाइटही त्याच्याबरोबर मिणमिणते, किंवा ब्रेक दाबला की दुसरीच लाइट अंधुक लागते. असं दिसलं तर मागच्या दिव्याचं अर्थिंग गेलंय असं समजावं. करंटला परतीची सरळ वाट मिळत नाही, म्हणून तो दुसऱ्या बल्बच्या तारेतून वाट काढतो.

इथं मीटरही फसवतो. वायर हिरवी पडून आतून जवळजवळ तुटलेली असली तरी बल्ब काढून मोजलं तर मीटर पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो. बल्ब लावला की मात्र उजेड नाही. पाइपलाइनचंही असंच असतं. टोकाचा कॉक बंद असताना प्रेशर दिसतं, आणि कॉक उघडला की मध्ये चोंदलेल्या पाइपातून नुसती धार येते. म्हणून मोजायचं ते लाइट चालू ठेवून.

मीटरची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी बल्बच्या होल्डरच्या अर्थिंगला लावावी. गाडी लांब असल्यामुळे मध्ये जादा वायर जोडावी लागते. आकडा शून्याच्या जवळ, फार तर ०.२ व्होल्टपर्यंत यावा. अर्धा व्होल्ट किंवा जास्त आला तर अर्थिंग खराब. उपाय साधा आहे. अर्थिंगचा नट खोलून पॉलिश पेपरनं धातू चकचकीत करायचा, घट्ट आवळायचा, वरून थोडं ग्रीस लावायचं. पावसाळा संपल्यावर आणि गाडी प्रेशरनं धुतल्यावर असे बिघाड जास्त निघतात.

ब्रेकचा स्विच

बल्ब, फ्यूज आणि अर्थिंग ठीक असूनही दोन्ही ब्रेक लाइट बंद असतील तर पेडलच्या वरच्या बाजूला बसवलेल्या स्विचकडे वळावं. साध्या स्विचला दोन वायरी असतात. एकीवर टेस्ट लॅम्प कायम लागायला हवा, काही गाड्यांत चावी ऑन केल्यावर. पेडल दाबल्यावर दुसरीवरही लागला पाहिजे. पहिल्या वायरवर आहे आणि पेडल दाबूनही दुसरीवर येत नाही, तर स्विच खराब झालाय किंवा त्याची सेटिंग हललीय. दुसरीवर येतोय तर स्विच निर्दोष आहे, दोष मागे जाणाऱ्या वायरीत आहे.

उलटा बिघाडही होतो. पेडल सोडलं तरी ब्रेक लाइट चालूच राहते आणि सकाळी बॅटरी उतरलेली सापडते. काही गाड्यांत पेडलला एक छोटं रबरी किंवा प्लास्टिकचं बटण असतं, ते स्विचचा खटका दाबून धरतं. बटण झिजून पडलं की खटका मोकळा होतो. पायाजवळ तुकडे पडलेले दिसले तर स्विच न बदलता ते बटण बदलावं.

बटण दाबून सुरू होणाऱ्या गाड्यांत इंजिन सुरू करण्याआधी कॉम्प्युटर ब्रेकच्या स्विचकडे बघतो. त्यामुळे गाडी सुरू होत नाही आणि ब्रेक लाइटही लागत नाही, अशी दोन्ही लक्षणं एकत्र दिसली तर बॅटरी किंवा सेल्फला दोष देण्याआधी हा स्विच तपासावा. अशा स्विचला चार वायरीही असतात, आणि त्यातल्या काही थेट कॉम्प्युटरकडे जातात. तिथं टेस्ट लॅम्प न लावता मीटरच वापरावा.

इंडिकेटर आणि हेडलाइट

एका बाजूचा इंडिकेटर नेहमीपेक्षा भरभर लागत असेल तर त्या बाजूचा एखादा बल्ब गेलाय. साध्या बल्बच्या जागी एलईडी बसवल्यावरही असं होतं, कारण एलईडी करंट कमी घेतो आणि गाडीला बल्ब गेल्यासारखं वाटतं. दोन्ही बाजू बंद, पण चारही एकदम लावल्या की लागतात, तर बल्ब बदलण्यात अर्थ नाही. दोष स्विच किंवा इंडिकेटरच्या फ्यूजकडे असतो.

हेडलाइटच्या दोन्ही डिपर एकदम गेल्या तर रिले बघावा. फ्यूजपेटीत त्याच नंबरचा दुसरा रिले, उदाहरणार्थ हॉर्नचा, बहुधा सापडतो. त्याची अदलाबदल करून बघायला एक मिनिट लागतो.

जास्त उजेडासाठी १०० वॉटचे बल्ब टाकण्याची पद्धत गावोगाव आहे. मूळचे दोन ६० वॉटचे बल्ब मिळून १० अँपिअर घेतात, १०० वॉटचे दोन जवळपास १७. कंपनीची वायर आणि होल्डर त्यासाठी बनवलेले नसतात. होल्डर वितळलेला, कपलर काळा पडलेला दिसला तर कारण तिथंच आहे.

सेन्सरचा कोड म्हणजे निकाल नव्हे

मीटरवर इंजिनची पिवळी लाइट आली की स्टेअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर लावून कोड काढतात. समजा पी ०११८ कोड आला. तो सांगतो की इंजिनच्या पाण्याचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरच्या सर्किटमध्ये व्होल्टेज जास्त येतंय. पण सेन्सरचा कपलर नुसता काढून ठेवला तरी हाच कोड येऊ शकतो. म्हणजे कोड गल्ली दाखवतो, घर आपल्याला शोधावं लागतं. नवा सेन्सर आणण्याआधी कपलर काढून आतली पिन वाकलीय का, हिरवी झालीय का, पाणी शिरलंय का, वायर उंदरानं कुरतडलीय का, हे बघावं. शेतातल्या घराजवळ, कडब्याच्या गंजीशेजारी उभ्या राहणाऱ्या गाड्यांत उंदरांचं हे काम नेहमीचंच.

एबीएसची लाइट लागली तर चाकाजवळचा सेन्सर आणि त्याची वायर आधी धुवून बघावी. चिखलाच्या पाणंदीतून जाणाऱ्या गाडीत ती वायर दगडाला, काटक्यांना लागून तुटते. फक्त पिवळी लाइट असेल तर साधे ब्रेक सहसा चालतात, पण जोरात दाबल्यावर चाकं लॉक होऊ शकतात. सोबत ब्रेकची लाल लाइटही असेल तर गाडी पुढे नेऊ नये.

१ जुलै २०१९ पासून बनणाऱ्या कारना मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे आहेत. ते सारखे ओरडत असतील तर आधी बंपर पुसावा. रिव्हर्स गिअर टाकून, हँडब्रेक ओढून आणि इंजिन बंद ठेवून सेन्सरजवळ कान नेला तर चालू सेन्सरची बारीक टिकटिक ऐकू येते. ज्याची येत नाही तो संशयित.

इथं हात लावू नका

पिवळ्या कपलरच्या किंवा पिवळ्या आवरणाच्या वायरी एअरबॅगच्या असतात. त्यांना टेस्ट लॅम्प किंवा मीटर लावू नये. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांतल्या नारिंगी केबल जिवावर बेतू शकतात. वायरीच्या अंगात सुई खुपसून तपासणं टाळावं, त्या भोकातून पाणी शिरून पुढच्या पावसाळ्यात तीच वायर सडते.

आठवड्यातून एकदा, दोन मिनिटं

संध्याकाळी गाडीची पाठ भिंतीकडे करून उभी करावी आणि ब्रेक दाबावा. भिंतीवर दोन्ही बाजूंना लाल उजेड पडला पाहिजे. मग इंडिकेटर, पार्किंग आणि रिव्हर्स तसंच बघावं. बिघाड सापडला आणि घरी जमलं नाही, तर गॅरेजवाल्याला "लाइट बघा" एवढंच सांगू नये. कोणती लाइट, कोणत्या बाजूची, पावसानंतर की रोज, फ्यूजपर्यंत करंट येतो की नाही, हे सांगावं. एवढी माहिती दिली की तपासणी नेमक्या जागेपासून सुरू होते, आणि न लागणाऱ्या पार्टचं बिल वाचतं.