हापूसची पेटी गूगलवर सापडते कशी?

मार्च उजाडला की पुण्या-मुंबईतल्या मोबाइलवर हापूसचा शोध सुरू होतो. कोणी 'देवगड हापूस घरपोच' असं टाइप करतं, कोणी रोमन लिपीत 'अल्फान्सो मँगो' लिहितं, तर कोणी फोन तोंडाजवळ धरून 'हापूसची पेटी केवढ्याला' असं थेट विचारतं. मराठीत बोलून शोधण्याची सोय गूगलने ऑगस्ट 2017 मध्येच करून दिली आहे. दलालाला वगळून गिऱ्हाइकाला थेट आंबा पाठवणाऱ्या कोकणातल्या अनेक बागायतदारांची आता स्वतःची वेबसाइट आहे. ती गूगलवर दिसते का, याची आठवण मात्र बहुतेकांना ऐन हंगामात होते. तोवर उशीर झालेला असतो. साइटवर केलेल्या सुधारणांचं फळ दिसायला साधारण चार महिने ते एक वर्ष लागतं, असं गूगलच सांगतं. मार्चचं गिऱ्हाईक हवं असेल, तर दसऱ्याच्या सुमारासच कामाला लागायला हवं.

या कामाला सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन, थोडक्यात एसईओ म्हणतात. नाव भारदस्त असलं तरी त्याचा बराचसा भाग धंदेवाईकाला स्वतः करता येतो.

गूगलचे प्रोग्राम एका पानावरच्या लिंकवरून दुसऱ्या पानावर जात वेब वाचत असतात. वाचलेलं एका प्रचंड सूचीत साठवलं जातं आणि कोणी काही शोधलं की त्या सूचीतून उत्तरं क्रमाने लावली जातात. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी 1998 मध्ये गूगल सुरू केलं, तेव्हा त्यांची मूळ कल्पना अशी होती की, एखाद्या पानाला दुसऱ्या पानाने दिलेली लिंक ही त्याची शिफारस मानावी आणि शिफारस करणारा जितका वजनदार, तितकी ती मोलाची धरावी. आज क्रम ठरवताना शेकडो गोष्टी पाहिल्या जातात. पण एक नियम पक्का आहे. जाहिरातींच्या जागा वेगळ्या असतात, त्यांवर तशी पाटीही असते. बाकीच्या निकालांतली वरची जागा पैसे भरून मिळत नाही.

मराठी साइटची अडचण याच्याही आधी सुरू होते. दरपत्रक बहुधा छापखान्यातून किंवा डीटीपीवाल्याकडून येतं. ते जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असलं, तर पडद्यावर अक्षरं देवनागरी दिसतात, पण आत साठवलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. त्यावर सोपा तोडगा म्हणून अख्खं दरपत्रक फोटो करून चढवलं जातं. पेटीचा भाव, किती डझन, कोणत्या शहरात पोहोचते, सगळं त्या फोटोत अडकतं. महत्त्वाचा मजकूर चित्रात घालू नका, असं गूगल वारंवार सांगतं. याची तपासणी दोन मिनिटांत होते. साइटवरचं एखादं वाक्य बोटाने निवडायचं, कॉपी करायचं आणि व्हॉट्सअ‍ॅपमध्ये पेस्ट करायचं. वाक्य निवडताच येत नसेल, किंवा पेस्ट केल्यावर भलतंच काही उमटत असेल, तर मजकूर युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करून घ्यावा.

त्यानंतर पानाचं शीर्षक. शोधनिकालात ठळक दिसणारी ओळ बहुतेक वेळा इथूनच येते. कित्येक साइटवर तिथे नुसतं 'होम' लिहिलेलं असतं. त्याऐवजी 'देवगड हापूस, 5 डझनांची पेटी, पुणे-मुंबईत घरपोच' असं लिहिलं, की गूगललाही कळतं आणि माणसालाही. याउलट 'कीवर्ड टॅग' भरण्याचे पैसे आजही घेतले जातात. क्रम लावताना हा टॅग आपण विचारात घेत नाही, हे गूगलने सप्टेंबर 2009 मध्येच जाहीर केलं होतं.

खरी ताकद आहे ती बागायतदाराला जे ठाऊक आहे, त्यात. आंबा अढीत किती दिवस ठेवायचा? साका का होतो? फळ कापण्याआधी तो ओळखता येतो का? कर्नाटकातून आलेला आंबा आणि कोकणचा हापूस यांत फरक कसा करायचा? हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर हे त्यातले पाच जिल्हे. पण आपल्या पेटीवरचं मानांकन खरं की खोटं, हे गिऱ्हाइकाने कसं ताडून पाहायचं? अशा एकेका प्रश्नाला एकेक पान द्यावं आणि स्वतःच्या बागेतले फोटो घालून त्याचं नीट उत्तर लिहावं. मजकुराची प्रत जोखण्याच्या आपल्या निकषांत गूगलने डिसेंबर 2022 मध्ये लिहिणाऱ्याच्या प्रत्यक्ष अनुभवाची भर घातली. ज्याने स्वतः अढी लावली आहे, त्याच्या लिहिण्याला इथे वजन आहे, आणि दहा साइटवरून उचललेला मजकूर त्यापुढे फिका पडतो.

कोथरूडमधल्या दंतवैद्याचं किंवा कोल्हापुरातल्या मिसळवाल्याचं गणित थोडं वेगळं. त्यांच्यासाठी वेबसाइटपेक्षा गूगल बिझनेस प्रोफाइल आधी. नकाशावर दिसणारी ही नोंद फुकट असते. शोधाशी मेळ, अंतर आणि धंद्याचा नावलौकिक या तीन गोष्टींवर तिथला क्रम ठरतो. वेळ, फोन, सुट्टीचा वार अचूक ठेवावा आणि अभिप्रायांना, विशेषतः नाराजीच्या, सभ्य उत्तर द्यावं.

'महिनाभरात पहिला नंबर, खात्रीने' असं सांगत फोन येतात, तेव्हा मात्र सावध राहावं. अशी हमी कोणीच देऊ शकत नाही, हे गूगलने स्वच्छ लिहून ठेवलं आहे. हमी पुरी करण्यासाठी बहुधा लिंका विकत घेतल्या जातात. अमेरिकेतल्या जेसी पेनी या मोठ्या दुकानसाखळीच्या नावाने अशा लिंकांचं जाळं पसरल्याचं फेब्रुवारी 2011 मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने उघड केलं. गूगलने कारवाई केली आणि प्रवासी बॅगांच्या एका शोधात पहिल्या क्रमांकावर असलेली ही कंपनी दोन तासांत 71व्या क्रमांकावर गेली. त्याआधी, 2006 मध्ये, बीएमडब्ल्यूची जर्मन साइट फसव्या पानांमुळे गूगलने यादीतूनच काढून टाकली होती. इतक्या मोठ्या कंपन्या त्यातून सावरतात. ज्याचा हंगामच अडीच-तीन महिन्यांचा, त्याचं अख्खं वर्ष बुडतं. कोणाला काम द्यायचंच असेल, तर नेमकं काय करणार हे लेखी घ्यावं, आणि डोमेन व सगळी खाती स्वतःच्या नावावर ठेवावीत.

ऑगस्ट 2024 पासून भारतातही काही शोधांवर गूगल एआयने तयार केलेलं उत्तर वरच दाखवू लागलं आहे. त्यामुळे साध्या माहितीसाठी साइटवर येणारे काही लोक वरूनच परत जातील, हे धरून चालावं. पण पेटी मागवायला माणसाला विक्रेत्यापर्यंत यावंच लागतं.

जूनमध्ये पाऊस सुरू झाला की बागायतदाराने गूगलचं सर्च कन्सोल हे फुकट साधन उघडावं. कोणत्या शब्दांवर साइट दिसली, कितव्या क्रमांकावर आणि किती जणांनी ती उघडली, याची यादी तिथे मिळते. जे शब्द लोकांनी शोधले, पण ज्यांवर साइट तिसऱ्या-चौथ्या पानावर राहिली, तीच पुढच्या हंगामासाठी लिहायच्या पानांची यादी. ती पानं दिवाळीच्या आत चढवावीत.