मशीन, यादी आणि शेवटचा तास

२०२४ साली महाराष्ट्राने सहा महिन्यांत दोन निकाल दिले आणि ते एकाच राज्याचे आहेत हे अनेकांना पटेना. जूनमध्ये लोकसभेच्या ४८ पैकी ३० जागा महाविकास आघाडीकडे गेल्या, महायुतीला १७ मिळाल्या. २३ नोव्हेंबरला विधानसभेची मोजणी संपली तेव्हा २८८ पैकी २३० जागा महायुतीच्या पदरात होत्या. आघाडीतली उद्धव ठाकरे यांची शिवसेना २०, काँग्रेस १६ आणि शरद पवारांची राष्ट्रवादी १० जागांवर थांबली. ‘मग आमची मतं गेली कुठे?’ हा प्रश्न हरलेल्या बाजूच्या कार्यकर्त्यांनी मनापासून विचारला होता. पण आठ-दहा दिवसांत त्याला नाना उत्तरं फुटली. ईव्हीएम हॅक झाली. संध्याकाळनंतर ७६ लाख मतं वाढली. पडली त्यापेक्षा पाच लाख मतं जास्त मोजली गेली. अमुक गावात काँग्रेसला शून्य मत पडलं. यातले बरेचसे दावे कागद समोर ठेवला की टिकत नाहीत. काही प्रश्न मात्र कागद पाहूनही शिल्लक राहतात, आणि त्यांची चर्चा सगळ्यांत कमी झाली.

‘सहा महिन्यांत एवढं मत फिरतच नाही’

आधी जूनचा निकाल नीट पाहू. ३० विरुद्ध १७ हे अंतर जागांचं होतं. मतांमध्ये दोन्ही आघाड्या ४३ ते ४४ टक्क्यांच्या दरम्यान होत्या, फरक अर्ध्या टक्क्याहून कमी. विधानसभेला महायुती पन्नाशीच्या जवळ पोचली आणि आघाडी ३५ टक्क्यांच्या आसपास घसरली. एका मताने पुढे असलेला उमेदवारही निवडून येतो अशा पद्धतीत एवढं अंतर पडलं की जागांचा सडा एकाच अंगणात पडतो. मधल्या काळात लाडकी बहीण योजना आली होती. जुलैपासूनचे महिना दीड हजार रुपये दोन कोटींहून अधिक महिलांच्या खात्यांत जाऊ लागले होते. २०१९ मध्ये ५९ टक्क्यांच्या आसपास असलेलं महिलांचं मतदान ६५ टक्क्यांवर गेलं. एवढी कारणं पुरतात का, यावर खुशाल वाद घालावा. पण निकाल अनपेक्षित होता म्हणून तो खोटा म्हणायचा, तर जूनचाही म्हणावा लागेल. तेव्हाही बहुतेक एक्झिट पोल तोंडावर आपटले होते.

‘पाच वाजल्यानंतर ७६ लाख मतं कुठून आली?’

विधानसभेच्या मतदानाच्या दिवशी संध्याकाळी पाचला निवडणूक आयोगाने ५८.२२ टक्के मतदान सांगितलं, रात्री उशिरा ६५.०२ आणि दुसऱ्या दिवशी ६६.०५. पाचचा आकडा आणि शेवटचा आकडा यांत ७.८३ टक्क्यांचा फरक. मतदार ९ कोटी ७० लाख, म्हणून ७६ लाख मतं. गुणाकार बरोबर आहे. त्याचा अर्थ चुकीचा लावला गेला.

राज्यात बूथ होते लाखभर. ७६ लाखांना एक लाखाने भागा. एका बूथवर ७६ मतं येतात. दिवसभरात साधारण ६ कोटी ४० लाख मतं मशीनवर पडली आणि मतदान बहुतेक ठिकाणी सकाळी सात ते संध्याकाळी सहा असं अकरा तास चाललं. म्हणजे दर बूथवर तासाला सरासरी ५८ मतं. पाच ते सहा हा तास तर मतदानाचाच होता, आणि सहाच्या ठोक्याला रांगेत असलेल्यांना केंद्राध्यक्ष शेवटून पुढे चिठ्ठ्या देतो, त्यांचं मतदान होईपर्यंत बूथ बंद होत नाही. शिवाय पाचचा आकडा खालून फोनवर आणि अॅपवर आलेला, कच्चा. कितीतरी बूथांची माहिती त्यात तासभर शिळी असते. या हिशेबात ७६ मतं भुताटकीची वाटत नाहीत.

खरा आकडा मिळतो तो १७-सी या फॉर्मवर. मतदान संपलं की यंत्रात एकूण किती मतं नोंदली गेली ते केंद्राध्यक्ष त्यावर लिहितो, सही करतो आणि हजर असलेल्या पोलिंग एजंटांना त्याची प्रत देतो. रात्रीत मतं वाढली असती, तर मोजणीच्या टेबलावर मशीनने दाखवलेला एकूण आकडा या कागदाशी जुळला नसता. म्हणून ज्या पक्षाला शंका होती त्याने आपल्या एजंटांकडचे १७-सी गोळा करून मांडायला हवे होते. लाख बूथांवर सगळीकडे एजंट नव्हते हे मान्य. पण हजारभर कागदांवर विसंगती दाखवली असती तरी पुरलं असतं. या ७६ लाखांवरून झालेली याचिका मुंबई उच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये फेटाळली, ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप करायला नकार दिला. तरीही सहानंतर रांगेत किती चिठ्ठ्या वाटल्या याचा बूथनिहाय तक्ता आयोगाने पहिल्याच आठवड्यात जाहीर केला असता, तर कोर्टाचा बराच वेळ वाचला असता असं मला वाटतं.

पाच लाख जादा मतांचं प्रकरण तर चार ओळींत संपतं. मशीनवर पडलेली मतं ६,४०,८८,१९५. मोजलेली मतं ६,४५,९२,५०८. फरक पाच लाख चार हजार आणि काही. पण पहिल्या आकड्यात टपाली मतं धरलेलीच नव्हती, दुसऱ्यात होती. वैध टपाली मतं ५,३८,२२५. ती मिळवली की बेरीज ६,४६,२६,४२० होते, म्हणजे मोजलेल्या मतांपेक्षा उलट थोडी जास्तच.

‘मशीन हॅक होते’

सगळ्यांत जास्त गर्दी या दाव्याभोवती आहे आणि पुरावा सगळ्यांत कमी इथेच.

लोकसभेच्या वेळी मुंबई वायव्यमध्ये रवींद्र वायकर ४८ मतांनी जिंकले. मोजणी केंद्रात त्यांच्या नातेवाइकाकडे मोबाइल होता, त्यावर ओटीपी येऊन ईव्हीएम ‘अनलॉक’ झाली, अशी बातमी एका वर्तमानपत्रात छापून आली. मोबाइल आत नेणं गैरच होतं, त्याबद्दल वनराई पोलीस ठाण्यात गुन्हाही नोंदला गेला. पण ओटीपी लागतो तो मोजलेले आकडे आयोगाच्या संगणकप्रणालीत भरण्यासाठी लॉगिन करताना. मतदान यंत्राला ना सिम कार्ड, ना वाय-फाय, ना ब्लूटूथ. त्या वर्तमानपत्राने नंतर चूक मान्य केली, पण तोवर ओटीपीची गोष्ट गावोगाव पोचली होती.

धुळे ग्रामीणमधल्या अवधान गावाचंही तसंच. काँग्रेसचे कुणाल पाटील यांना तिथे शून्य मतं पडली असा गवगवा झाला. प्रशासनाने आकडा दिला तो १,०५७ मतांचा.

मारकडवाडीची गोष्ट जास्त गुंतागुंतीची. माळशिरस तालुक्यातल्या या गावात भाजपचे राम सातपुते यांना १,००३ आणि शरद पवारांच्या राष्ट्रवादीचे उत्तमराव जानकर यांना ८४३ मतं मिळाली. हे आमच्या गावाचं मत नाही, म्हणून गावकऱ्यांनी ३ डिसेंबरला मतपत्रिकेवर स्वतःच मतदान घ्यायचं ठरवलं. प्रशासनाने जमावबंदी लावून ते थांबवलं. इथे दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या. एक, त्या मतदारसंघात जानकरच सुमारे तेरा हजार मतांनी निवडून आले होते. यंत्रात घोळ घालणाऱ्याने आपलाच उमेदवार पाडून एका गावात दीडशे मतांची आघाडी कशाला घ्यावी? दुसरी, निकाल लागल्यावर, सगळं गाव एकमेकांकडे बघत असताना घेतलेलं मतदान गुप्त मतदानाची तपासणी करूच शकत नाही. तरीही पोलिसी बंदोबस्त लावून ते मोडणं मला शहाणपणाचं वाटत नाही. त्या आकड्याला कायदेशीर किंमत शून्यच असती. थांबवल्यामुळे मात्र त्याला वजन आलं.

तर मग यंत्रात काही करताच येत नाही का? तसंही नाही. २०१० मध्ये हैदराबादचे हरी प्रसाद यांनी परदेशी संशोधकांसोबत दाखवून दिलं की यंत्र हातात मिळालं तर त्याचा मतं दाखवणारा भाग बदलून खोटे आकडे दाखवता येतात. ते यंत्र बाहेर आलं होतं मुंबईतल्या सरकारी गोदामातून, आणि त्यावरून प्रसाद यांना अटकही झाली. त्या काळी यंत्रांवर शंका घेणारा पक्ष होता भाजप: २००९ च्या पराभवानंतर लालकृष्ण अडवाणींनी मतपत्रिकांची मागणी केली होती आणि जी. व्ही. एल. नरसिंह राव यांनी यावर पुस्तकच लिहिलं. आजचे आक्षेप आणि तेव्हाचे आक्षेप यांत पक्षांची अदलाबदल सोडली तर फारसा फरक नाही.

पण तेव्हाच्या यंत्राला कागदाची साक्ष नव्हती. आता व्हीव्हीपॅट आहे. मत दिलं की चिन्हाची चिठ्ठी सात सेकंद काचेमागे दिसते आणि पेटीत पडते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९ च्या आदेशानुसार प्रत्येक विधानसभा मतदारसंघात चिठ्ठी काढून पाच बूथ निवडले जातात आणि त्यांच्या कागदी चिठ्ठ्या मोजून यंत्राच्या आकड्याशी ताडल्या जातात. महाराष्ट्रात अशी १,४४० व्हीव्हीपॅट मोजली गेली आणि कुठेही तफावत आढळली नाही, असं मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांनी सांगितलं.

लाखातली १,४४० म्हणजे दीड टक्का. शितावरून भाताची परीक्षा करायची, तर एवढी शितं पुरतात का? ते कुठल्या भाताची परीक्षा आहे, त्यावर अवलंबून. समजा राज्यभरातल्या फक्त एक टक्का यंत्रांत, म्हणजे हजारभर यंत्रांत घोळ आहे. यादृच्छिक निवडलेल्या १,४४० पैकी एकही त्यातलं न निघण्याची शक्यता दहा लाखांत एकाहून कमी. म्हणजे राज्यव्यापी ‘सेटिंग’ या चाळणीतून सुटणं जवळपास अशक्य. पण एकच मतदारसंघ घ्या. तिथे साडेतीनशे बूथ आहेत आणि त्यातल्या दहा टक्के यंत्रांत गडबड आहे असं धरा. पाच बूथ तपासून ती न सापडण्याची शक्यता जवळपास ६० टक्के! २३० जागांचा निकाल यंत्राने फिरवला हा दावा म्हणून टिकत नाही. आणि चुरशीच्या एका मतदारसंघात पाचपेक्षा जास्त बूथांच्या चिठ्ठ्या मोजा ही मागणी मात्र वेडगळ ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये सगळ्या चिठ्ठ्या मोजण्याची मागणी फेटाळली, पण दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला पाच टक्के यंत्रांची तांत्रिक पडताळणी मागता येईल अशी सोय केली.

‘यादीत ४१ लाख नावं घुसवली’

यंत्रावरून यादीकडे आलं की जमीन बदलते. लोकसभा ते विधानसभा या पाच महिन्यांत राज्याच्या मतदार यादीत निव्वळ ४०,८१,२२९ नावांची भर पडली. आधीच्या पाच वर्षांत वाढली होती त्याहून जास्त. आयोगाने खुलासा केला: सुमारे ४८ लाख ८१ हजार नवी नावं, आठ लाख वगळलेली, आणि वाढीत २६ लाखांहून जास्त मतदार १८ ते २९ वयाचे. राहुल गांधी आणि काँग्रेसने पन्नास मतदारसंघांत सरासरी पन्नास हजार नावं वाढली आणि त्यांतल्या ४७ जागा महायुतीने जिंकल्या असं म्हटलं होतं. आयोगाच्या आकड्यांनुसार पन्नास हजारांहून जास्त वाढ फक्त सहा मतदारसंघांत होती. इथे आरोप फसला. पण तिशीपुढची लाखो नावंही त्याच पाच महिन्यांत चढली, आणि ‘लोकसभेला नाव सापडलं नाही’ म्हणणारे सगळे परत आले असं धरूनही हा विषय संपला असं मी म्हणणार नाही.

राज्यात प्रौढ ९ कोटी ५४ लाख आणि मतदार ९ कोटी ७० लाख, ही तुलनाही खूप फिरली. त्यातला पहिला आकडा २०११ च्या जनगणनेवरून काढलेला अंदाज आहे. दुसऱ्यात मेलेले, गाव सोडून गेलेले, लग्न होऊन दुसरीकडे नोंदले गेलेले असे सगळे असतात, कारण नाव चढवायला माणूस धावतो, उतरवायला कोणी जात नाही. यादी फुगलेली आहे एवढंच त्यातून कळतं. फुगलेल्या यादीतून बोगस मतदान होऊ शकतं. झालं, हे वेगळं दाखवावं लागतं. दुबार नावांचंही तेच.

चंद्रपूरच्या राजुरा मतदारसंघात मात्र प्रत्यक्ष काही सापडलं. निवडणुकीआधीच नाव नोंदणीचे जवळपास सात हजार ऑनलाइन अर्ज बोगस निघाले. प्रशासनाने ते नाकारले आणि गुन्हा नोंदवला. पुढे कोणी, कुठून, कोणासाठी हे अर्ज भरले, ते पोलिसांनी शोधून लोकांसमोर ठेवायला हवं होतं. माझ्या मते महाराष्ट्रातल्या सगळ्या ईव्हीएम चर्चेपेक्षा हा एक गुन्हा जास्त महत्त्वाचा आहे.

‘लपवण्यासारखं काही नसेल तर दाखवत का नाहीत?’

हा गैरसमज नाही, प्रश्न आहे. ९ डिसेंबर २०२४ ला पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने हरियाणा निवडणुकीची कागदपत्रं आणि चित्रीकरण एका वकिलाला देण्याचा आदेश दिला. २० डिसेंबरला केंद्र सरकारने आयोगाच्या शिफारशीवरून निवडणूक नियम ९३ बदलला, आणि सीसीटीव्हीसारख्या इलेक्ट्रॉनिक नोंदी सर्वसामान्यांच्या तपासणीबाहेर गेल्या. पुढे मे २०२५ मध्ये आयोगाने कळवलं की निवडणूक याचिका नसेल तर चित्रीकरण ४५ दिवसांनी नष्ट करता येईल. मतदाराची गुप्तता आणि चित्रफितींचा गैरवापर ही कारणं पुढे करण्यात आली. कारणं खोटी नसतीलही; पण संशय ऐन भरात असताना दार लावून घेतलं की आतल्या माणसाचा प्रामाणिकपणा बाहेरच्याला दिसत नाही.

नोंदी हाताशी असल्या तर काय होऊ शकतं, त्याचं उदाहरण हरियाणातलंच आहे, पानिपत जिल्ह्यातल्या बुआना लाखू गावचं. २०२२ च्या सरपंचाच्या निवडणुकीत एका बूथच्या नोंदीवरून वाद झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाने ईव्हीएम दिल्लीला मागवल्या, दोन्ही बाजूंसमोर चित्रीकरण करत फेरमोजणी करवली. हरलेला उमेदवार १,०५१ विरुद्ध १,००० मतांनी विजयी निघाला. यंत्रातले आकडे जसेच्या तसे होते, चूक माणसांनी केली होती. ऑगस्ट २०२५ मध्ये खरा सरपंच खुर्चीवर बसला, तोवर जवळपास तीन वर्षं दुसराच गावचा कारभार पाहत होता.