टाचेच्या कंडरेचे टाके

पोटरीच्या स्नायूंना टाचेच्या हाडाशी जोडणारी कंडरा ही मानवी शरीरातील सर्वांत जाड व बळकट कंडरा होय. अकिलीस या ग्रीक वीराचे नाव तिला मिळाले आहे. ती तुटली की त्या एका पायाच्या चवड्यावर उभे राहणे अशक्य होते. ती शिवावयाची तर अडचण अशी की, तिचे तंतू उभे धावतात आणि तुटलेली टोके केरसुणीसारखी विस्कटलेली असतात. साधा टाका त्यांतून सहज निसटतो.

म्हणून अमेरिकन शल्यविशारद बनेल यांनी दोरा कंडरेतून तिरपा, फुलीफुलीने नेला. केस्लर यांच्या १९७३ च्या टाक्यात दोरा चौकोनी फिरून कडेचे तंतू पकडतो. क्रॅको यांनी १९८६ मध्ये दोन्ही कडांना एकात एक अडकणारे फास घातले. ताण पडताच ते तंतूंना अधिकच आवळतात. मृतदेहांतील कंडरा ताणून केलेल्या तुलनेत हाच टाका या तिहींत बळकट ठरला. तुटीवरून जाणारे दोरे वाढविल्यानेही बळ वाढते.

या बळाचे मोल मोठे आहे. टोकांत फट पडली, तर कंडरा लांबट होऊन जुळते आणि पाऊल रेटण्याची शक्ती उणावते. टाक्याने टोके काही आठवडे एकत्र धरावयाची. सांधण्याचे काम शरीरच करते.