टूरिस्ट व्हिसावर परदेशात लग्न करता येतं का?

यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचा मुलगा किंवा वणीची मुलगी टूरिस्ट व्हिसावर परदेशी गेली आणि तिथेच लग्न उरकलं, तर चालतं का? उत्तर देशागणिक बदलतं.

अमेरिकेत बी-२ या पर्यटक व्हिसावर लग्नाला मनाई नाही. मुदतीत परत यावं लागतं. कायमचं राहण्याचा बेत लपवून पर्यटक म्हणून जाणं मात्र दिशाभूल ठरतं आणि पुढचे व्हिसा अडकू शकतात. जोडीदार अमेरिकी नागरिक असेल तर के-१ हा वाग्दत्तांसाठीचा व्हिसा आहे. त्यावर गेल्यावर ९० दिवसांत लग्न व्हावं लागतं. ब्रिटनमध्ये साध्या पर्यटक व्हिसावर लग्न करता येत नाही. ‘मॅरेज व्हिजिटर’ हा वेगळा व्हिसा लागतो.

दोघांपैकी एक भारतीय असेल तर विदेशी विवाह कायदा, १९६९ नुसार भारतीय वकिलातीतही लग्न होऊ शकतं. पण लग्नाची नोटीस देण्याआधी एकाचा तिथे ३० दिवस मुक्काम हवा आणि हरकतींसाठी आणखी ३० दिवस थांबावं लागतं. पंधरा दिवसांच्या सहलीत हे बसत नाही.

जन्मदाखला, अविवाहित असल्याचं प्रमाणपत्र आणि घटस्फोट झाला असल्यास कोर्टाचा हुकूमनामा सोबत हवा. अनेक देश त्यांवर परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचं प्रमाणीकरण, मागतात. त्याची तजवीज निघण्यापूर्वीच करावी.

सोपा मार्ग बहुधा घरचाच. विशेष विवाह कायदा, १९५४ खाली यवतमाळच्या विवाह अधिकाऱ्यापुढे परदेशी जोडीदाराशीही लग्न करता येतं. एकाचा जिल्ह्यात ३० दिवस रहिवास आणि ३० दिवसांची नोटीस इथेही आहेच. मग त्या प्रमाणपत्रावर जोडीदाराच्या व्हिसासाठी रीतसर अर्ज करावा.