नेरकरांनो, पिल्लू उचलण्याआधी हे वाचा

पावसाळा सरला की अमरावती-यवतमाळ रस्त्याच्या कडेला, बसस्थानकामागे, बंद दुकानांच्या पायऱ्यांखाली कुत्र्यांची पिल्लं दिसायला लागतात. कळवळून लगेच घरी आणू नका. आई बहुतेक वेळा अन्न शोधायला गेलेली असते. लांबून दोन-तीन तास लक्ष ठेवा. आई आलीच नाही, तरच उचला.

आणल्यावर पहिलं काम ऊब देण्याचं, दूध नंतर. गार पडलेल्या पिल्लाला पाजलं तर ते पचत नाही, जीवही जाऊ शकतो. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा. गाईच्या दुधाने हगवण लागते. पिल्लांसाठीची दूध पावडर मिळते, ती वापरा. पाजताना पिल्लू पोटावर असावं, उताणं कधीच नाही, दूध फुप्फुसात जातं.

सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे पार्व्हो हा विषाणूचा आजार. उलट्या आणि रक्ताची हगवण दिसली की त्याच दिवशी पशुवैद्यक गाठा. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांची असताना, रेबीजची साधारण तीन महिन्यांची झाल्यावर. आठ आठवड्यांआधी दत्तक देऊ नका.

अशा प्राण्यांना वाचवण्याचं काम पुण्यात २००७ पासून 'रेस्क्यू' ही संस्था करते, मुंबईत १९८५ पासून 'वेल्फेअर ऑफ स्ट्रे डॉग्ज'. आपल्या तालुक्याच्या गावात मात्र तुमची-आमची घरंच उपयोगी पडणार. पुढे पिल्लं होतील म्हणून मादी पिल्लं कुणी घेत नाही, हे मला फार लागतं. नसबंदी केली की तोही प्रश्न सुटतो.

कायमचं ठेवणं जमत नसेल तर पिल्लाला काही आठवड्यांसाठी घरात एक कोपरा द्या. तयार असाल तर कमेंटमध्ये लिहा.