चित्रकलेचे मार्क कुठून येतात?

प्रगतिपत्रक हातात आले की घरातल्यांचे डोळे आधी गणित आणि विज्ञानाकडे जातात. चित्रकला खालच्या ओळीत, शारीरिक शिक्षणाच्या शेजारी असते. तिथे ‘अ’ असला तर बरे वाटते आणि ‘ब’ असला तरी कोणाची झोप उडत नाही. पालकसभेत गणिताच्या टीचरपुढे रांग लागते. माझ्यासमोरच्या खुर्च्या बहुतेक रिकाम्याच असतात. मी सतरा वर्षे चित्रकला शिकवते आहे, आधी पेडणे तालुक्यात आणि आता डिचोलीत, त्यामुळे या खुर्च्यांची मला सवय झाली आहे.

तीन वर्षांपूर्वी मात्र डिचोलीतल्या कुंभार घरातले एक वडील मुद्दाम मला भेटायला आले. त्यांचा मुलगा तेव्हा सातवीत होता. ते म्हणाले, “टीचर, घरा मूर्तीचे हात हो करता. मगीर हाका ब कित्याक?” चवथीच्या आधी दोन महिने हा मुलगा शाळा सुटली की माती मळायचा आणि गणपतीचे हात, सोंड, उंदीर घडवायचा. वर्गात आम्ही बादली, तांब्या आणि दोन कांदे ठेवून वस्तुचित्र काढले होते. त्याच्या बादलीचे तोंड वाकडे झाले होते आणि शेडिंग अर्धवट राहिले होते. आमच्या ठरलेल्या पद्धतीने त्याला ‘ब’ मिळाला आणि त्या पद्धतीप्रमाणे तो बरोबरही होता. वडिलांचा प्रश्नही बरोबर होता. पुढे याला कला महाविद्यालयात पाठवायचे की आयटीआयला, हे त्या घरात याच अक्षरांवरून ठरणार होते.

ही पद्धत कुठून आली, ते आधी सांगते. माझे माहेर बांदा. तिथून पेडण्याची हद्द जवळच आहे, पण शाळा महाराष्ट्राच्या. आठवीत आम्ही एलिमेंटरीला बसलो, नंतर इंटरमिजिएटला. महाराष्ट्राच्या कला संचालनालयाच्या या परीक्षा तुमच्यापैकी अनेकांच्या आईवडिलांनी दिल्या असतील. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि भूमिती-अक्षरलेखन, असे पेपर. बोर्ड आणि रंगपेटी काखेत मारून आम्ही सावंतवाडीला गेलो होतो, आणि बाटली मधोमध ठेवायची की किंचित डावीकडे, यावर एसटीत वाद घातला होता. मुंबईत १८५७ साली जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झाले. समोरची वस्तू नीट पाहा, प्रमाण धरा, छायाप्रकाश दाखवा, ही शिस्त अशा शाळांतून आपल्याकडे रुजली.

या परीक्षांना नावे ठेवणे सोपे आहे. मी ठेवणार नाही. गावातल्या पोराला आणि दादरच्या पोराला तोच पेपर, तोच वेळ. शिक्षकाची ओळख चालत नाही, महागडे रंग फारसे कामी येत नाहीत. त्या परीक्षेने मला पाहायला शिकवले. पण ती जे मोजते तेवढेच मोजते. तीन तासांत एका कागदावर हात किती स्थिर राहतो, हे तिला कळते. चित्र कुठून सुचले, किती वेळा फसले, मुलाने फसलेल्याचे पुढे काय केले, हे तिच्या हाती लागत नाही. आणि माती तर तिच्या वाटेलाच येत नाही.

शाळेतले मूल्यमापन ही त्या परीक्षेची छोटी नक्कल असायलाच हवी, असे कुठल्याच कायद्यात नाही. उलट २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सातत्यपूर्ण आणि सर्वंकष मूल्यमापन सांगितले. २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने कलाशिक्षणाला इतर विषयांच्या बरोबरीने जागा दिली, आणि २०२४ मध्ये एनसीईआरटीने सहावीसाठी चित्र, नाट्य, संगीत, नृत्य एकत्र असलेले ‘कृती’ हे पुस्तक काढले. गोव्यात त्याच वर्षी नवे धोरण नववीपर्यंत पोचले. कागदावर दार उघडे आहे. वर्गातले काम आम्हालाच करायचे आहे.

म्हणून त्या वडिलांच्या प्रश्नानंतर मी आणि पेडण्याच्या शाळेतली माझी एक मैत्रीण, ती पण चित्रकलेचीच, अशा दोघींनी एक गोष्ट ठरवली. आधी काय शिकवायचे ते एका वाक्यात लिहायचे आणि मग त्याचेच मार्क द्यायचे. ऐकायला साधे वाटते. करून पाहिले की कळते, आपण शिकवतो रंगसंगती आणि मार्क देतो नीटनेटकेपणाला.

पहिला प्रयोग आम्ही कावीवर केला. गोव्यातल्या काही जुन्या देवळांच्या भिंतींवर तांबड्या-पांढऱ्या नक्षीची चित्रे दिसतात ना, ती कावी. पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या मातीचा रंग मिसळलेला थर द्यायचा, आणि तो ओला असतानाच टोकदार हत्याराने खरवडून खालचा पांढरा उघडा करायचा. कृष्णानंद कामत यांनी या कलेचा माग काढत किती देवळे पालथी घातली! दुर्दैवाने जीर्णोद्धाराच्या नावाखाली यातल्या कितीतरी भिंतींवर ऑइल पेंट चढला किंवा टाइल्स बसल्या. तुमच्या कुलदेवतेच्या देवळात अजून कावी उरली असेल, तर यंदा जत्रेला जाल तेव्हा मुलांना जरूर दाखवा.

वर्गात चुना आणणे शक्य नव्हते. ड्रॉइंग पेपरवर पांढरी मेणबत्ती घासायची, त्यावर साबणाचा थेंब घातलेला तांबडा पोस्टर कलर जाड लावायचा, आणि वाळला की कंपासच्या टोकाने खरवडायचे. एकदा खरवडले की परत फिरता येत नाही, म्हणून आधी विचार करावा लागतो. शिकवायचे वाक्य होते: दोनच रंगांत काय ठेवायचे आणि काय काढायचे, हे मुलाला ठरवता यावे.

वीस मार्कांचे आम्ही चार भाग केले. प्रत्यक्ष पाहून केलेली टिपणे, तुकड्यांवर केलेले प्रयोग, शेवटचे काम, आणि दोन मिनिटे स्वतःच्या कामाविषयी बोलणे, प्रत्येकाला पाच. प्रत्येक भागाची पायरी शब्दांत लिहिली. प्रयोगांचेच सांगते. एकही तुकडा नसेल तर शून्य. एकच तुकडा असेल किंवा सगळे तुकडे सारखेच असतील तर दोन. तीन वेगळे प्रयत्न असतील तर चार. आणि त्यातला कुठला का निवडला, हे मागे एका ओळीत लिहिले असेल तर पाच. फसलेला तुकडा फेकायचा नाही, चिकटवायचा. पहिल्या आठवड्यात मुलांना हे पटेना. फसलेल्याचे मार्क मिळतात हे त्यांनी कधी ऐकलेच नव्हते.

शेवटच्या कामाचे निकष मात्र मुलांनीच काढले. आदल्या वर्षीची सहा चित्रे नावे झाकून भिंतीवर लावली आणि विचारले, कुठले आवडले आणि का? आधी नुसते “छान”. मग हळूहळू शब्द येऊ लागले. हे गच्च भरलेय, याला श्वास घ्यायला जागा नाही. इथे घाई केलीय. या मोराची मान जिवंत आहे. यातले चार शब्द आम्ही फळ्यावर ठेवले आणि त्यांवरच मार्क दिले. सातवीतली मुले ‘तोल’ हा शब्द माझ्यापेक्षा सोपा करून सांगतात.

मग मी दहा फोल्डर मैत्रिणीकडे पाठवले आणि तिचे दहा माझ्याकडे आले. एकमेकींचे आकडे न बघता मार्क दिले. टिपणे आणि प्रयोग यांत आमचा फरक जेमतेम एका मार्काचा. शेवटच्या कामात मात्र एका मुलीला मी पाच दिले होते आणि तिने दोन. फोनवर अर्धा तास भांडलो. मैत्रीण कडा स्वच्छ हव्यात म्हणत होती आणि मी रेषेतला जोर बघत होते. शेवटी ‘स्वच्छता’ हा शब्द काढून ‘खरवडलेला भाग मुद्दाम तसा आहे, हे दिसते’ असे वाक्य घातले. परत मार्क दिले तेव्हा तिचे तीन आले आणि माझे चार. एवढा फरक राहणारच.

हे काही आमच्याच डोक्यातून आलेले नाही. अमेरिकेत हार्वर्डच्या प्रोजेक्ट झिरोने १९८० च्या दशकात पिट्सबर्गच्या शाळांत ‘आर्ट्स प्रोपेल’ नावाने अशाच फोल्डरांचे काम केले. इंग्लंडमध्ये तुमची भाचरे जीसीएसईला आर्ट घेत असतील तर त्यांना विचारा. तिथे ६० टक्के मार्क वर्षभराच्या पोर्टफोलिओला आणि ४० टक्के बाहेरून दिलेल्या विषयावरच्या कामाला असतात. कल्पना वाढवणे, साधने वापरून पाहणे, नोंदी करणे आणि स्वतःचे काम पुरे करणे, या चारही गोष्टींना सारखे वजन.

पण तिकडचे तसेच्या तसे इथे उचलता येत नाही. माझ्याकडे अकरा वर्ग आहेत, मुले चारशेच्या आसपास. एका फोल्डरला तीन मिनिटे धरली तरी वीस तास होतात, आणि तास पस्तीस मिनिटांचा. म्हणून पूर्ण फोल्डर सत्रातून एकदाच पाहते. एरवी प्रत्येक तासाला पाच मुलांकडे जाऊन एकच भाग बघते आणि वहीत एक अक्षर लिहिते. दुसरी अडचण घरून येते. यूट्यूबवरून उतरवलेली किंवा दादाने पुरी केलेली चित्रे लगेच ओळखू येतात, कारण मागे एकही टिपण नसते. अशा चित्राला शेवटच्या कामाचे पाच मिळाले तरी एकूण आठाच्या पुढे जात नाही. पालक कधी रागावतात. मी फोल्डर उघडून दाखवते.

मातीकामात तो कुंभाराचा मुलगा आला आणि आमची पायरीच तोकडी पडली. पणती करायची होती. इतरांच्या पणत्यांना तडे गेले. त्याच्या एका पणतीलाही गेला, तेव्हा त्याने मुद्दाम एक जाड आणि एक पातळ करून सावलीत आणि उन्हात ठेवली, आणि कुठली का फुटली ते वर्गाला सांगितले. उत्तर त्याला घरी ठाऊक होतेच, पण त्याने ते दाखवून दिले. त्याला वीसपैकी एकोणीस मिळाले. वस्तुचित्रात त्याला अजूनही ‘ब’च मिळतो, आणि मी तो बदललेला नाही. आता प्रगतिपत्रकावर एका अक्षराखाली दोन ओळी लिहून देते: हात कशात चालतो आणि नजर कुठे कमी पडते. वडिलांना एकोणीसपेक्षा त्या दोन ओळी जास्त उपयोगी वाटल्या, असे तेच म्हणाले.

माटोळीचे काम यापेक्षा अवघड निघाले, कारण ते गटाचे. आमच्या बांद्याकडे तिला माटवी म्हणतात. गोव्यात कला व संस्कृती खाते माटोळीची राज्यस्तरीय स्पर्धा घेते, त्यामुळे मुलांना परीक्षक काय बघतात याची कल्पना असते. नारळ, सुपारीचे शिपटे, आंबाडे, चिबूड, कवंडळ, कांगणी, सगळे आणतील, पण एकाच माटोळीचे मार्क आठ मुलांना कसे वाटायचे? आम्ही प्रत्येकाला एक कार्ड दिले. मी काय आणले, ते कुठे उगवते, मांडणीतला कुठला निर्णय माझा होता. गटाचे दहा, कार्डाचे दहा. यात एक मुलगी सगळ्यांच्या पुढे गेली. वर्गात ती बोलतच नसे. पण आजीबरोबर रानात फिरल्यामुळे चोवीस वस्तूंची नावे तिने लिहिली होती, त्यातली सहा मला माहीत नव्हती.

यंदा चवथीला घरी माटोळी बांधाल तेव्हा मुलांना एक काम द्या. तिच्यातले एकच फळ तीन वेळा काढायला सांगा, पहिल्या दिवशी, तिसऱ्या दिवशी आणि सुकल्यावर. मागे तारीख घाला. रेष वाकडी आली तर तुम्ही पेन्सिल हातात घेऊ नका.